घरच्या घरी अर्क काढण्याचे पहिले यंत्र आणि त्याची भांडी

अर्क काढण्याच्या यंत्राचे मुळात चार भाग असतात : वनस्पती आणि पाणी उकळण्याचे भांडे, वाफ वाहून नेणारी नळी, त्या वाफेचे पुन्हा पाणी करणारी थंड जागा आणि ते पाणी जमा करणारे भांडे. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या ज्या ‘डेग’मध्ये गुलाब उकळतात, तिला जोडलेला बांबूचा ‘चोंगा’ आणि पाण्याच्या हौदात बुडवलेला ‘भपका’ पाहिला तरी हेच दिसते. फरक इतकाच की तिथे भपका वाफ थंडही करतो आणि अत्तर साठवतोही, आणि त्यात आधीपासूनच चंदनाचे तेल घातलेले असते. आयुर्वेदातल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत तिरप्या नळीच्या ज्या यंत्राला ‘तिर्यक्पातन यंत्र’ म्हटले आहे, तेही याच कुळातले. घरासाठी यापेक्षा वेगळे काही शोधावे लागत नाही. पाच लिटरचा कुकर, तीनेक मीटर नळी, एक बादली आणि काचेच्या चार बाटल्या एवढ्यावर गुलाबपाणी, ओव्याचा अर्क, गवती चहाचा किंवा तुळशीचा अर्क उत्तम निघतो. काळजी मात्र दोन गोष्टींची घ्यावी लागते. वाफेची वाट शेवटपर्यंत मोकळी राहिली पाहिजे, आणि अर्काला लागणाऱ्या कोणत्याही भांड्याला स्वतःचा वास किंवा विष असता कामा नये. पुढचे बहुतेक लिखाण या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. हे यंत्र सुगंधी पाण्यासाठी आहे, दारूसाठी नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू गाळणे हा तर गुन्हा आहेच, पण त्या हेतूने यंत्र किंवा भांडी बाळगणे हाही गुन्हाच आहे. गोव्यात काजूची फेणी गाळणारे भट्टीवालेही अबकारी खात्याचा परवाना घेऊनच काम करतात. कायदा बाजूला ठेवला तरी, मद्यार्काची वाफ पेट घेते आणि आपले यंत्र उघड्या ज्योतीवर चालणार आहे. म्हणून आंबलेला रस, स्पिरिट किंवा मद्यार्क असलेला कोणताही द्रव या कुकरमध्ये कधीही घालू नये.

पातेले आणि उलटे झाकण

नळी विकत आणण्यापूर्वी एकदा पातेल्यात अर्क काढून पाहावा, कारण वाफेचे पाणी कसे होते हे डोळ्यांनी पाहिले की पुढची जुळणी करताना हात चुकत नाही. सहा-सात लिटरच्या स्टीलच्या पातेल्यात मधोमध छोटी अडणी ठेवावी आणि तिच्यावर काचेचा किंवा स्टीलचा वाडगा ठेवावा. अडणीभोवती चिरलेली गवती चहाची पात पसरून, वाडग्याच्या बुडाखाली राहील इतकेच पाणी घालावे. पातेल्यावर घुमटासारखे झाकण उलटे ठेवावे, म्हणजे त्याची मूठ वाडग्याच्या बरोबर वर येते, आणि वर झालेल्या खोलगट जागेत बर्फ भरावा. झाकणाची मूठ स्टीलची असावी. काळी प्लास्टिकसारखी दिसणारी मूठ आतल्या वाफेत तापून वास सोडते.

आच मंद ठेवली की वाफ वर जाते, थंड झाकणाला लागून तिचे थेंब होतात, थेंब उतारावरून मुठीकडे ओघळतात आणि वाडग्यात पडतात. बर्फ वितळला की ते पाणी वाटीने काढून नवा बर्फ घालावा. अर्ध्या-पाऊण तासात वाटी-दीड वाटी अर्क जमतो. पहिल्यांदा गवती चहाच घ्यावा असे मी मुद्दाम सुचवतो : तो स्वस्त असतो, अनेक घरांच्या मागच्या दारी मोरीच्या पाण्यावर वाढलेला असतो आणि थोडी जास्त आच लागली तरी तो रुसत नाही. गुलाबाचे तसे नाही.

इथे एक शंका हमखास विचारली जाते. ओव्याला वास देणारे थायमॉल २३२ अंश सेल्सिअसला उकळते आणि गवती चहाला वास देणारे सिट्रलही सुमारे तितक्याच तापमानाला. मग पाण्याच्या वाफेबरोबर ती बाहेर कशी येतात? पाणी आणि त्यात न मिसळणारे तेल एकत्र तापवले, की दोघांच्या वाफेचा दाब एकत्र मिळतो, आणि ही बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाइतकी झाली की सगळे मिश्रण उकळू लागते. त्यामुळे तेल १०० अंशांच्या किंचित खालीच, पाण्याच्या साथीने, वाफ होऊन निघते. म्हणूनच आच वाढवून काही साधत नाही. मोठ्या आचेने फक्त पाणी वेगाने येते, अर्क पातळ होतो आणि तळाशी असलेली पात करपते.

कुकर

कुकर स्टीलचाच घ्यावा. ॲल्युमिनियमचे भांडे स्वस्त पडते, पण वनस्पतीतल्या आम्लाने ते आतून झिजते. बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा, शिट्टी उचलून काढता येईल असा कुकर लागतो, कारण शिट्टी काढल्यावर खाली जे बारीक नळकांडे राहते तिथूनच आपल्याला वाफ न्यायची आहे. ज्या कुकरचे झाकण आतून बसते आणि शिट्टी झाकणालाच पक्की असते, तो या कामाला चालत नाही.

रिंग मात्र नवीन घ्यावी, आणि हा सल्ला मी स्वतः चुकून शिकलो आहे. पहिल्या वर्षी घरातला रोजचा कुकर घासूनपुसून, लिंबाने स्वच्छ करून वापरला. भल्या सकाळी उठून पाव किलो देशी गुलाबाच्या पाकळ्या काढल्या, तीन तास मंद आचेजवळ उभा राहिलो आणि बाटली नाकाशी नेली, तर आधी तूरडाळ, मग हिंग आणि सगळ्यात शेवटी गुलाब. रबर वास पिते, आणि गरम वाफ लागली की तो वास परत सोडते. त्या दिवसापासून अर्काच्या कुकरची रिंग वेगळी ठेवली आहे. गुलाबाची आणि ओव्याचीही वेगवेगळी, कारण ओव्याचा वास रबरातून जातच नाही. जमल्यास पांढरी सिलिकॉनची रिंग घ्यावी, ती वास कमी धरते.

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कोणत्याही कारणाने बंद करू नये, त्याला एम-सील लावू नये, त्याच्या जागी खिळा ठोकू नये. आपल्या यंत्रात दाब तयारच व्हायचा नाही, पण झाकणावरचे नळकांडेच तुंबले तर तोच एक वाचवणारा असतो. नळकांड्याचे छिद्र इतके बारीक असते की एक भिजलेली पाकळी ते बंद करू शकते, म्हणून पाकळ्या आणि पाला कधीही मोकळा उकळू नये. मलमलच्या धुतलेल्या फडक्यात त्याची सैल पुरचुंडी बांधावी, किंवा पाण्याच्या वर राहणाऱ्या जाळीच्या भांड्यात ठेवावा. कुकर अर्ध्याहून अधिक भरू नये. तुळस आणि गुलाब दोन्ही फेस आणतात, आणि तो फेस नळीत चढला तर अर्क गढूळ होतो. प्रत्येक खेपेआधी झाकण उजेडाकडे धरून छिद्रातून आरपार दिसते की नाही ते पाहावे. याला दोन सेकंद लागतात. ते मी आजही करतो.

नळी आणि वेटोळे

एसी आणि फ्रिज दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानात मऊ तांब्याची नळी गुंडाळीच्या रूपात मिळते. तीन सुती, म्हणजे बाहेरून सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाडीची, तीन मीटर नळी पुरते. तिचे वेटोळे करायचे तर ती रिकामी वाकवू नये, कारण पहिल्याच वळणाला ती चेपते. एक टोक चिकटपट्टीने बंद करून आत कोरडे बारीक मीठ ठासून भरावे, दुसरे टोकही बंद करावे आणि मग चार-पाच इंच व्यासाच्या डब्याभोवती नळी सावकाश गुंडाळावी. मीठ भिंतींना आतून आधार देते आणि काम झाल्यावर गरम पाण्याने विरघळून निघून जाते. वाळू वापरली तर तिचा एखादा कण आत अडकून राहतो, म्हणून मला मीठ बरे वाटते.

तांब्याबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. गुलाबपाणी किंचित आम्लधर्मी असते, आणि आम्ल तांब्यात थांबून राहिले की त्यात तांबे उतरते. अर्क वेटोळ्यातून काही सेकंदांत वाहून जातो, त्यामुळे अंगाला लावायच्या गुलाबपाण्यासाठी स्वच्छ तांब्याची नळी चालते. पण अर्काला हिरवट किंवा निळसर झाक दिसली तर तो निर्धास्तपणे ओतून द्यावा आणि नळी आतून लिंबाच्या रसाने धुवावी. पोटात घ्यायच्या ओव्याच्या अर्कासाठी मात्र मी स्टीलची किंवा काचेची नळी वापरावी असेच म्हणेन. स्टीलची नळी घरी वाकत नाही. फॅब्रिकेशनच्या कारखान्यातून वाकवून घ्यावी लागते. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात वाफ थंड करणारा काचेचा कंडेन्सर मिळतो, तो थोडा महाग पडतो, पण आत काय चालले आहे ते दिसते आणि धुणे सोपे होते.

नळीचे सांधे झाळायची गरज पडू नये अशीच जुळणी करावी. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या सोल्डरच्या तारेत कथिलाबरोबर शिसे असते, आणि ते अर्काच्या वाटेवर कुठेही नको. कुकरचे नळकांडे आणि तांब्याची नळी यांच्या मध्ये वीतभर सिलिकॉनची, खाद्यपदार्थांसाठी चालणारी नळी बसवावी. गवंडी पाणसळ पाहायला वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप दिसायला अगदी तसाच असतो आणि फार स्वस्त मिळतो, म्हणून अनेक जण तोच आणतात. तो गरम वाफेत मऊ होऊन लोळतो आणि अर्काला प्लास्टिकचा वास आयुष्यभरासाठी देतो. तो घेऊ नये.

सिलिकॉनच्या नळीला पत्र्याची क्लिप आवळू नये. ती दाबून बसवावी आणि सांध्याभोवती घट्ट मळलेल्या कणकेची पट्टी लावावी. भट्टीवर कणीक लवकर वाळते आणि वाफ आतल्या आत राहते. कुठे तुंबलेच, तर हाच सांधा आधी सुटतो. त्या दिशेला तोंड किंवा हात ठेवून उभे राहू नये, आणि लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावे. वाफ नळकांड्याजवळ दिसत नाही. पांढरे दिसते ते तिचे थंड होऊ लागलेले टोक. गळती शोधायची तर स्टीलचा थंड चमचा सांध्यांजवळून फिरवावा, जिथे गळत असेल तिथे त्यावर धुके धरते.

वेटोळे वीस लिटरच्या बादलीत उभे बसते. बादलीच्या तळापासून दोन बोटे वर भोक पाडून नळीचे खालचे टोक बाहेर काढावे, भोकात रबरी बूच बसवावा आणि बाहेरून एम-सील लावावे. हे एम-सील अर्काला कुठेही लागत नाही म्हणून चालते. कुकरपासून बाटलीपर्यंत नळी एकदा वर चढली की पुढे सतत उतरतीच असली पाहिजे. मध्ये कुठे झोळ पडला तर तिथे पाणी साठते, वाफ त्याला ढकलत राहते, अर्क गचके देत येतो आणि कुकरमध्ये विनाकारण दाब चढतो. बादली ओट्याच्या खाली स्टुलावर ठेवली की हा उतार आपोआप मिळतो.

थंड पाण्याचा हिशेब एकदा नीट पाहून ठेवावा. एक लिटर वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते, आणि ते पाणी १०० अंशांवरून ३० अंशांवर येताना आणखी ७०. ही ६१० किलोकॅलरी उष्णता वीस लिटर पाण्यात गेली तर त्याचे तापमान ३० अंशांनी वाढते. म्हणजे एक लिटर अर्कासाठी बादलीभर पाणी पुरते, पण शेवटी शेवटी ते आंघोळीच्या पाण्याहून कढत झालेले असते आणि अर्काबरोबर सुगंधही वाफ होऊन उडू लागतो. म्हणून अर्धा अर्क आल्यावर वरचे गरम पाणी तांब्याने काढून घ्यावे आणि नवे थंड पाणी एका नळीने तळाशी सोडावे, कारण गरम पाणी वरच राहते. नळाला पाणी मोजकेच येणाऱ्या गावांत हे काढलेले पाणी भांडी घासायला आणि कपड्यांना वापरावे. ते स्वच्छच असते.

भिजवण आणि साठवण

ओवा, वाळा, बडीशेप अशा कोरड्या वस्तू आदल्या रात्री भिजवाव्या लागतात, आणि ज्यांना लोणची किंवा सिरका घालायची सवय आहे त्यांच्याकडे त्यासाठी भांडी असतातच. पण लोणच्याची बरणी इथे आणू नये. तिच्या झिलईला बारीक तडे गेलेले असतात, त्या तड्यांत मोहरी आणि तेल मुरलेले असते, आणि ते कितीही धुतले तरी जात नाही. नवी चिनी मातीची बरणी घेतली तर आत बोट फिरवून झिलई अखंड आहे ना ते पाहावे. तडकलेली, पोपडे आलेली किंवा आतून भडक रंगवलेली जुनी बरणी आंबट पदार्थाला आणि भिजवणीला दोन्हीला वर्ज्य मानावी, कारण जुन्या रंगांत आणि झिलईत शिसे असू शकते.

मला सर्वांत भरवशाची वाटते ती रुंद तोंडाची काचेची बरणी. तिला वास लागत नाही, आतले दिसते आणि हात आत जातो. तिच्या खालोखाल स्टीलचे पातेले. कल्हई नसलेले तांबे-पितळ नको, आणि माठ तर नकोच; मातीच्या छिद्रांत मागच्या खेपेचा ओवा राहून जातो. प्लास्टिकचा डबा घ्यायचाच असेल तर त्याच्या बुडाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा छापलेला असावा, आणि तो पहिल्यापासून खाण्याच्याच वस्तूंचा असावा. रंगाच्या रिकाम्या बादल्या मजबूत झाकणाच्या असतात आणि भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतात, पण त्यांच्या भिंतीत जे मुरले आहे ते आपल्याला कळणार नाही. भांडे निवडताना एक सोपी परीक्षा करावी : आत पेलाभर कढत पाणी घालून झाकण लावावे, दहा मिनिटांनी झाकण उघडून लगेच नाक लावावे. पाण्याशिवाय दुसरा कशाचाही वास आला तर ते भांडे या कामाचे नाही.

भिजवणीला वेळेची मर्यादा असते. ओवा रात्रभर, वाळा फार तर एक दिवस. उन्हाळ्यात ओला पाला किंवा पाकळ्या दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिल्या की बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो, आणि तो वास जसाच्या तसा अर्कात उतरतो. भिजवणीच्या भांड्यावर झाकण घट्ट फिरवू नये, फडके बांधावे. चुकून आंबलेच तर वायूला वाट राहते आणि बरणी फुटत नाही. आंबलेली भिजवण झाडांना घालावी, कुकरमध्ये घालू नये. गुलाबाच्या पाकळ्या तर भिजवूच नयेत. त्या पिशवीत दाबून ठेवल्या तरी दोन तासांत आतून कोमट लागतात, आणि तिथूनच त्यांचा वास उतरायला लागतो. सूर्य वर येण्यापूर्वी तोडाव्या, सुपात पसरून न्याव्या आणि त्याच सकाळी भट्टीवर चढवाव्या.

अर्क जमा करायला आणि ठेवायला काचेच्या, गडद तपकिरी रंगाच्या बाटल्या लागतात. बाटल्या आणि झाकणे दहा मिनिटे उकळून, पालथ्या घालून पूर्ण कोरड्या कराव्या.

पहिली खेप

नवे यंत्र आधी नुसत्या पाण्यावर चालवावे. दीड लिटर पाणी घालून पाऊण लिटर ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफेचे झालेले, पाणी काढावे आणि ओतून द्यावे. नळीतली धूळ, तेल, मीठ सगळे त्याबरोबर जाते, गळती कळते, आणि आपल्या शेगडीवर कोणत्या आचेला कशी धार येते तेही समजते. त्यानंतर गवती चहाची एक खेप घ्यावी, आणि मग ओव्याकडे वळावे.

ओव्यासाठी २०० ग्रॅम स्वच्छ निवडलेला ओवा खलबत्त्यात नुसता फुटेल इतपत कांडावा, पीठ करू नये. तो अडीच लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा. सकाळी ओवा फडक्यात बांधून, भिजवणीच्या पाण्यासकट कुकरमध्ये घालावा, झाकण लावावे, शिट्टी काढलेली आहे याची खात्री करावी आणि नळी जोडावी. उकळी येईपर्यंत आच मध्यम असावी. पहिला थेंब पडला की मंद करावी. थेंबांची माळ जवळजवळ जुळून बारीक धार होईल, पण धारेला जोर येणार नाही, इतकी आच बरोबर. बाटलीच्या तोंडाशी वाफ दिसली किंवा बाटली हाताला गरम लागली तर आच जास्त आहे किंवा बादलीतले पाणी तापले आहे.

नळीचे टोक बाटलीच्या तोंडाच्या आत असावे, पण जमलेल्या अर्कात बुडू देऊ नये. गॅस बंद केल्यावर कुकर थंड होतो, आतली वाफ आक्रसते आणि नळी बुडालेली असली तर बाटलीतला अर्क उलटा कुकरमध्ये खेचला जातो. बाटलीचे तोंड बुचाने बंद करणे तर त्याहून वाईट, कारण मग वाफेला वाटच उरत नाही. तोंडावर सैल फडके ठेवावे, तेवढे पुरे.

दोन तासांत साधारण एक लिटर अर्क मिळतो आणि तिथे थांबावे. कुकरमध्ये निदान लिटरभर पाणी उरले पाहिजे. शेवटच्या थेंबापर्यंत काढायचा मोह झाला की तळ लागतो आणि करपट वास मागच्या सगळ्या अर्कात मिसळतो. ओव्याच्या अर्कावर तेलाचे डोळे तरंगताना दिसतील. ते काढून टाकू नयेत, बाटली हलवून मगच वापरावी. थायमॉल ५० अंशांच्या आसपासच गोठते, म्हणून ओव्यानंतर थंड वेटोळ्यात त्याचा पातळ थर बसू शकतो. पुढच्या खेपेआधी बादली रिकामी करून नुसत्या पाण्याची वाफ पाच मिनिटे नळीतून जाऊ द्यावी, म्हणजे तो वितळून निघतो. त्या वेळी नळीच्या टोकातून कढत वाफ सरळ बाहेर येते. टोक भिंतीकडे करून ठेवावे.

गुलाबासाठी बाजारातले लांब दांड्याचे गुलाब उपयोगाचे नाहीत. त्यांना वास नसतो आणि औषध-फवारणी भरपूर असते. पूजेच्या हारांत येतो तो गुलाबी, पातळ पाकळीचा देशी गुलाब हवा, तोही फवारणी न केलेला, शक्यतो स्वतःच्या किंवा ओळखीच्या बागेतला. पाव किलो पाकळ्यांना दोन लिटर पाणी घ्यावे आणि सहाशे-सातशे मिलिलिटर गुलाबपाणी काढावे. वर तेल दिसणार नाही आणि त्याची खंत करू नये. गुलाबाच्या वासाचा मोठा वाटा असलेले फेनिल इथाइल अल्कोहोल पाण्यात विरघळते, म्हणून तर गुलाबपाण्याला गुलाबाचा वास टिकून येतो. ते मद्यातले अल्कोहोल नव्हे.

वाळ्याला सर्वांत जास्त सबुरी लागते, कारण त्याचे तेल जड असते आणि उशिरा येते. मुळे धुऊन, बोटभर लांबीची कापून, दिवसभर भिजवून, अगदी मंद आचेवर चार-पाच तास चालवली तरी पाणी फिकट वासाचेच मिळते. पण सरबतात घातल्यावर माठाजवळ बसल्यासारखे वाटते, त्यासाठी ते कष्ट करावेत. मोगऱ्याचा मात्र घरी नाद करू नये असे मला वाटते. मी तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा शिजलेल्या भाजीसारखा वास आला. आणि ओळख पटलेली नाही अशी वनस्पती, तसेच कण्हेर किंवा धोत्र्यासारखी विषारी झाडे या यंत्राजवळही आणू नयेत.

अर्काची राखण

ताज्या अर्काला थोडा उकडल्यासारखा, हिरवट वास असतो. नवखे लोक तिथेच निराश होतात. बाटलीच्या तोंडावर स्वच्छ फडके बांधून ती दोन दिवस थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी, मग गळ्यापर्यंत भरून, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी. आठवड्याभरात वास गोल होतो. घरच्या अर्कात टिकवण्याचे काहीच नसते. म्हणून बाटल्या लहान, शंभर-दोनशे मिलिलिटरच्या घ्याव्या, प्रत्येकीवर वनस्पती आणि तारीख लिहावी, आणि दोन-अडीच महिन्यांत संपवाव्या. तळाशी कापसासारखा पांढरा पुंजका किंवा तंतू दिसला की ती बाटली ओतून द्यावी, गाळून वापरू नये.

डोळे जळजळले की गुलाबपाण्याचे थेंब घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. घरी काढलेले गुलाबपाणी निर्जंतुक नसते, कितीही स्वच्छतेने काढले तरी नसते, त्यामुळे ते डोळ्यांत घालू नये. ओव्याचा अर्क मोठ्यांनी चमचाभर, अर्धा पेला पाण्यातून घ्यावा. तान्ह्या बाळाला पोटदुखीसाठी तो देण्याची पद्धत काही घरांत आहे, पण घरच्या अर्कात थायमॉल किती उतरले हे मोजलेले नसते, म्हणून बाळाला आणि गरोदर स्त्रीला तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

खेप संपली की नळी गरम असतानाच सुटी करावी. वेटोळ्यातून कढत पाणी दोनदा ओतावे, फुंकर मारून आतले पाणी काढावे आणि ते दोन्ही टोके खाली येतील असे खुंटीला अडकवून ठेवावे. आत राहिलेल्या पाण्याने तांब्याला हिरवा गंज चढतो आणि स्टीलच्या नळीला कुबट वास येतो. रिंग वेगळ्या कागदी पिशवीत ठेवून तिच्यावर ‘गुलाब’ किंवा ‘ओवा’ असे लिहावे. उकळून झालेल्या पाकळ्या आणि पाला गार झाल्यावर कुंड्यांच्या मातीत मिसळावा. ओव्याचा चोथा मात्र आधी उन्हात वाळवावा, नाहीतर त्याला बुरशी लवकर येते.